बाजाराच्या खेपा आणि घरातील शिल्लक

काटकसर हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक तर कमी खाणे, नाही तर हलका माल घेणे. या दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातील डाळ पातळ करून जी शिल्लक पडते ती शिल्लक नव्हे, ते कर्ज होय. आणि ते पुढे औषधपाण्याच्या रूपाने फेडावे लागते. परंतु काटकसरीचा एक तिसरा मार्गही आहे. आपण किती रुपयांचे वाणसामान आणतो याबरोबरच ते आणण्यासाठी किती वेळा जातो, हेही मोजावयाचे. तेच धान्य, तेच तेल, तीच साखर. पण त्यासाठी महिन्यात पंचवीस खेपा घालणारे घर आणि चार खेपा घालणारे घर यांच्या खर्चात जो फरक पडतो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय महोत्सवी स्मरणिकेस फारच किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे आम्हांस वाटत नाही. जून महिना लागला की फी, वह्या, गणवेश आणि दप्तर यांचा खर्च एकाच आठवड्यात दारात येऊन उभा राहतो. त्या वेळी ज्या घरात चार-पाच हजार रुपये बाजूला असतात, त्या घरातील मूल पहिल्या दिवशी पुस्तके घेऊन वर्गात बसते. ज्या घरात नसतात, ते ऑगस्टपर्यंत शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावत राहते. ही रक्कम कोठून यावी हा प्रश्न आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरचा आहे. म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

एका खेपेचे मोल

बाजारातील प्रत्येक खेपेला चार वाटांनी पैसा गळतो.

पहिली वाट म्हणजे न ठरविलेली खरेदी. जिरे आणावयास निघालेला माणूस जिऱ्याबरोबर बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. मूल बरोबर असेल तर तळलेल्या चकत्यांची पिशवी येते. समजा, अशा प्रत्येक खेपेला वीस रुपये जादा जातात आणि महिन्यात पंचवीस खेपा होतात, तर पाचशे रुपये झाले. आता चारच खेपा घातल्या आणि मोठ्या खरेदीत मोह दुप्पट होतो असे मानून दर खेपेस चाळीस रुपये जादा धरले, तरी एकशे साठच होतात. फरक महिन्याला तीनशे चाळीस आणि वर्षाला चार हजार ऐंशी रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरचे घालून पाहावेत. गणिताची रीत मात्र हीच.

मोठ्या दुकानांची मांडणीही पाहण्यासारखी असते. रोज लागणारे धान्य-तेल बहुधा आतल्या बाजूस, आणि चॉकलेटे पैसे देण्याच्या खिडकीपाशी, तीही मुलांच्या हाताच्या उंचीवर. यात बेकायदा काही नाही; दुकानदार आपले काम करतो, आपण आपले करावे. मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान घरी आणून देण्याची सोय झाल्यापासून तर चपला घालण्याचेही कारण उरले नाही. पूर्वी पावसामुळे वा उन्हामुळे ज्या खेपा टळत, त्याही आता टळत नाहीत. त्यात पोहोचविण्याचा आकार वेगळा, हाताळणीचा वेगळा. आणि अमुक रकमेवर घरपोच फुकट, असे वाचून तीस रुपये वाचविण्यासाठी शंभर रुपयांची नको असलेली वस्तू घेणारेही पुष्कळ आहेत.

दुसरी वाट लहान पुडीची. जो रोज जातो तो थोडेच घेतो. आणि थोडे घेणाऱ्यास बहुधा महाग पडते. समजा, दहा ग्रॅम चहापूड पाच रुपयांस पडली, तर किलोचा दर पाचशे झाला; तोच चहा किलोच्या पुड्यात चारशेला मिळत असेल, तर रोज पुडी आणणारे घर दर किलोमागे शंभर रुपये अधिक देते. परंतु येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मोठा पुडा तेवढा स्वस्त, असे डोळे मिटून धरू नये. शाम्पूसारख्या काही वस्तूंत लहान पुडीच स्वस्त पडल्याचे हिशेब केल्यावर दिसते. हा हिशेब आता सोपा झाला आहे. वेष्टनबंद मालाच्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिने एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही पुड्यावर छापण्याचे बंधन घातले. अक्षर बारीक असते, पण वाचावे. तसेच छापील किंमत ही कमाल किंमत आहे, तीहून कमी घेण्यास दुकानदारास मनाई नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी वाट वेळेची. रिक्षाचे भाडे किंवा दुचाकीचे पेट्रोल तरी दिसते. वेळ दिसत नाही. पहिल्या तासाला उशिरा आलेल्या मुलास कारण विचारावे, तर ‘दुकानात गेलो होतो, सर,’ हे उत्तर आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. चहापूड संपली, पाठवा मुलाला. तेल संपले, पाठवा मुलीला. संध्याकाळी पाढे पाठ होण्याच्या वेळी कोथिंबीर आठवते. रोजची वीस मिनिटे धरली तरी महिन्याचे दहा तास होतात. दहावीच्या वर्षातील दहा तास म्हणजे बीजगणिताचे एखादे प्रकरण सहज पुरे होते.

चौथी वाट उधारीची. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते,’ असे आपले जुने लोक म्हणत. गल्लीतील वाणी अडीअडचणीला, आजारपणाला उपयोगी पडतो, याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु वहीवर माल घेणाऱ्यास भाव विचारण्याचा संकोच वाटतो, वजन पाहण्याचा संकोच वाटतो, आणि बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानात जाण्याचाही संकोच वाटतो. रोजच्या लहान खेपांतूनच ही वही जाड होत जाते, कारण वीस रुपयांची नोंद करताना कोणालाच भीती वाटत नाही.

काय किती दिवसांचे आणावे

खेपा कमी करावयाच्या म्हणजे सर्वच एकदम भरून ठेवावयाचे, असा अर्थ नव्हे. तसे केल्यास निम्मे किडीला आणि बुरशीला जाईल. यास्तव सामानाचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग हंगामाच्या मालाचा. ज्या वस्तू टिकतात आणि ज्यांचा भाव हंगामात उतरतो, त्या हंगामातच घ्याव्यात. आपल्या बेळगाव भागातील भाताची कापणी साधारण कार्तिकाच्या सुमारास होते. तांदूळ जुना झाला म्हणजे भात मोकळा होतो, म्हणून साठविण्यास हे धान्य उत्तमच. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, आणि कलबुर्गीची नवी डाळ त्यापाठोपाठ. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतली की वर्षाचे तिखट होते. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि हवेशीर जागी चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यात पिकलेला कांदा टिकत नाही, तो साठवू नये. पावसाळा सरता सरता कांद्याचे भाव पुष्कळदा चढतात, तेव्हा मे महिन्याचा कांदा घरात असणे किती उपयोगी, हे गृहिणींस सांगावयास नको.

दुसरा वर्ग महिन्याच्या मालाचा : तेल, साखर, गूळ, चहापूड, डाळी, पोहे, रवा, मीठ, साबण. पगाराच्या किंवा मजुरीच्या हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाच, यादी हातात घेऊन. ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी रविवार पेठेसारख्या घाऊक बाजारात भाव विचारून पाहावा. पण जाण्या-येण्याचे भाडे भावात मिळवूनच तुलना करावी. १८ जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातील २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर बसू लागला. सुट्या धान्यावर आणि त्याहून मोठ्या पोत्यांवर तो बसविला गेला नाही. दुकानांतून २६ किलोची तांदळाची पोती दिसू लागली, ती त्यानंतरच.

तिसरा वर्ग नाशवंत मालाचा : भाजीपाला, फळे, दूध, मटण, मासळी. यांची काटकसर साठवणीत नाही, नियमितपणात आहे. भाजीस आठवड्यातून दोन दिवस ठरवावेत. पहिल्या दोन दिवसांत पालेभाजी, नंतर वांगी-दोडका-भेंडी, शेवटी भोपळा, बटाटा, कोबी, असा क्रम लावला की काहीच फेकावे लागत नाही. दहा रुपयांची पेंडी पंधरास घेतली याचे दुःख आपण करतो, पण कुजून टाकलेल्या पेंडीचे करीत नाही. वास्तविक फेकलेली भाजी हीच सर्वांत महाग भाजी होय.

सणावारांचा हिशेब निराळा ठेवावा. रमजान असो, गणेशोत्सव असो वा दिवाळी, त्या दिवसांत साखर, रवा, खोबरे, शेवया, खजूर, तेल यांचा उठाव वाढतो. टिकणारे जिन्नस पंधरा दिवस आधी आणले तर गर्दीही टळते आणि घाईत दुप्पट आणणेही टळते.

साठवणीचे शास्त्र

साठवण चांगली नसेल तर वर सांगितलेले सर्व गणित उलटते. धान्याचे शत्रू दोन, ओल आणि कीड. आणि ओल असेल तेथेच कीड अधिक माजते. धान्य कडक उन्हात वाळवावे, दाताखाली कट्‌कन तुटले पाहिजे. मात्र ऊन लागलेले गरम धान्य तसेच डब्यात भरू नये. आत वाफ धरून पाणी सुटते. सावलीत निवल्यावर भरावे. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि काठोकाठ भरलेला असावा, म्हणजे आत हवा कमी राहते. तो भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावा.

कडधान्यास लागणारा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालून येतो. म्हणूनच स्वच्छ दिसणारे मूग-चवळी दोन महिन्यांनी भोके पडलेले आढळतात; त्यात गृहिणीचा दोष नसतो. त्यावर साधा उपाय असा की, एका किलोस साधारण पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर खाद्यतेल चोळावे. अंडी त्यामुळे उबत नाहीत. वडोदऱ्याकडील मंडळी गव्हास एरंडेल चोळून ठेवतात, तेही याच जातीचे काम. अख्ख्या कडधान्यापेक्षा फोडलेल्या डाळीस हा भुंगा कमी लागतो.

काही वस्तू मात्र साठवूच नयेत. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते, कारण त्यातील स्निग्धांश खवट होतो. दळण लागेल तसेच आणावे. शेंगदाणा पावसाळ्यासाठी भरून ठेवू नये. त्यावर येणाऱ्या बुरशीचे विष यकृतास घातक असते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. काळा पडलेला वा कुबट वासाचा दाणा निवडून टाकावा. तेल उजेडापासून आणि चुलीपासून दूर ठेवावे.

येथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. गोदामात धान्यास घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. ओल लागताच त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्याही खाण्याच्या धान्यात नकोत. दहा किलो तांदूळ किडला तर तो कोंबड्यांना जाईल. माणूस गेला तर काय करणार?

यादी, वही आणि दोन डबे

पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून डबा उघडल्याची तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत आपल्या घरास महिन्याला साखर किती, तेल किती, डाळ किती हे अंदाजाने नव्हे, अनुभवाने कळते. वस्तू संपल्यावर नव्हे, तर संपत आली की यादीत चढवावी. यादी स्वयंपाकघरातच टांगलेली असावी आणि पेन्सिल तिला दोऱ्याने बांधलेली असावी. नाही तर पेन्सिल मुलांच्या दप्तरात जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

जास्त आणले की जास्त खर्चते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. भरलेला डबा पाहिला की हात सैल सुटतो. त्यावर आपल्या घरांतील जुनी युक्ती म्हणजे दोन डबे. मोठा डबा माळ्यावर वा कोठीत, आणि आठवड्याचे काढून घेतलेला लहान डबा हाताशी. लहान डबा आठवडाभर पुरवावयाचा. जुना माल आधी वापरावयाचा, नवा त्याच्यावर ओतावयाचा नाही.

मध्येच काही संपलेच, तर लगेच मुलास पिटाळू नये. टोमॅटो नसेल तर चिंच आहे, आमसूल आहे. खोबरे नसेल तर दाण्याचे कूट आहे. दोन दिवस थांबता येते का, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. पुष्कळ खेपा त्या प्रश्नानेच वाचतात.

ज्यांच्या हाती रोजचा पैसा येतो

आतापर्यंतचे सर्व वाचून एखादी भगिनी म्हणेल, ‘हे पगारदारांचे झाले. आमच्या घरी संध्याकाळी मजुरी येते तेव्हा संध्याकाळचे तेल येते. महिन्याचे सामान आम्ही कशाने आणावे?’ हा प्रश्न या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याच्याजवळ कमी आहे त्यालाच पुडीपुडीने घ्यावे लागते, आणि पुडीपुडीने घेतो म्हणून तोच अधिक भाव देतो. हा दोष त्याच्या शहाणपणाचा नाही, भांडवलाचा आहे. अशा घरांना काटकसरीचा नुसता उपदेश करणे म्हणजे पाय बांधून धावावयास सांगणे होय.

यावर उपाय एकट्याने होत नाही, मिळून होतो. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामकरी लोकांनी थोडे थोडे भांडवल जमवून एक दुकान काढले. आरंभी त्यात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. माल शुद्ध, वजन पुरे आणि व्यवहार रोखीचा, हे त्यांचे नियम. सहकारी ग्राहक भांडारांची जगभरची परंपरा त्या लहान दुकानाकडे बोट दाखविते. आपल्याकडे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट काढली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यावयाची, माल घाऊक घेतला जाऊन एका सभासदाच्या घरी यावयाचा आणि तेथे सर्वांनी तो वाटून न्यावयाचा. दुकानाचे भाडे नाही, सजावट नाही, आणि यादी आधीच लिहिलेली असल्यामुळे मोहही नाही.

एवढे मोठे काम आपणांस लगेच करावयाचे नाही. एका गल्लीतील पाच घरांनी मिळून तांदळाचे एक पोते आणि तेलाचा एक डबा घेतला, तरी आरंभ झाला. त्यातही प्रथम एकच जिन्नस घ्यावा. वाटप सर्वांसमक्ष, वजनकाट्यावर व्हावे. हिशेबाची वही सर्वांनी पाहावी. हिशेब उघडा असला म्हणजे शेजारधर्म टिकतो.

आणि येथे आम्हांस आपल्या ट्रस्टपुढे एक विनंती ठेवावयाची आहे. ट्रस्ट फीसाठी मदत करतो, औषधासाठी करतो. त्याच निधीतून, इच्छा असेल त्या कुटुंबास एका महिन्याच्या वाणसामानाची रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी आणि ती दहा हप्त्यांत परत घ्यावी. ही रक्कम खाऊन संपणारी नाही. पहिल्या महिन्याचे सामान एकदम घरात आले की दुसऱ्या महिन्यापासून रोजची मजुरी पुढच्या महिन्यासाठी बाजूला ठेवता येते, कारण रोजचे तेल घरात आधीच असते. दान नव्हे, उसने. म्हणून घेणाऱ्याची मानही ताठ राहते, आणि परत आलेला पैसा दुसऱ्या घरास उपयोगी पडतो.

हे ज्याला पटेल त्याने उद्यापासून एवढेच करावे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद लावावा. घरातील कोणीही दुकानात गेले, किंवा मोबाइलवरून काही मागविले, की त्यावर एक रेघ ओढावी आणि जे न ठरविता आणले त्याचे रुपये शेजारी लिहावेत. महिनाभर काहीच बदलू नये, नुसते मोजावे. महिन्याच्या अखेरीस घरातील शाळकरी मुलास त्या आकड्यांची बेरीज करावयास सांगावी. पुढचा हिशेब मग आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही. ते मूलच आईवडिलांस सांगेल.